बर्लिनमधली पायी सहल: रब्बी रेजिना योनास यांच्या गल्लीत

पाचपैकी चार तारे. लेकीकडे बर्लिनला आले होते, तिनेच ही दोन तासांची सहल माझ्यासाठी काढून दिली. मी ठाण्याची, बेने इस्राएल, म्हणजे महाराष्ट्रातल्या ज्यू समाजातली. आमच्या समाजात पिढ्यान्‌पिढ्या रब्बी, म्हणजे धर्मगुरू, नव्हते; प्रार्थना हज्जान, म्हणजे प्रार्थना गाणारे, चालवायचे. लहानपणी बायकांच्या सज्जात आजीला चिकटून बसायचे, तेव्हा तोरा, म्हणजे आमच्या धर्मग्रंथाची गुंडाळी, दिसायची नाही, फक्त वाचणाऱ्याचा आवाज वर यायचा. त्यामुळे जगातली पहिली स्त्री रब्बी, रेजिना योनास, जिथे शिकली ती जागा मला पाहायचीच होती.

सुरुवात ओरानियनबुर्गर रस्त्यावरच्या सोनेरी घुमटाच्या सिनेगॉगपासून, म्हणजे ज्यू प्रार्थनास्थळापासून, होते. तिथे फोटोंतच बराच वेळ गेला. खरी सहल सुरू झाली ती शेजारच्या क्राउस्निक गल्लीत, सहा नंबरच्या घरासमोर. रेजिना इथे राहायच्या, भिंतीवर पाटी आहे. जन्म १९०२चा, वडील लवकर गेलेले. १९२४मध्ये त्यांनी रब्बी घडवणाऱ्या महाविद्यालयात नाव घातलं. १९३०च्या प्रबंधाचा विषयच होता, 'स्त्रीला रब्बीपद भूषवता येईल का?' उत्तर त्यांनी तालमूद आणि हलाखातूनच, म्हणजे ज्यू धर्मशास्त्रातूनच, काढलं: येईल. पण ज्या प्राध्यापकांकडे प्रबंध लिहिला ते वारले आणि हाती फक्त धर्मशिक्षिकेचं प्रमाणपत्र आलं.

आमच्या मार्गदर्शक बाईंचं मला विशेष वाटलं ते इथे. त्यांनी आवाज न चढवता नुसत्या तारखा शेजारी शेजारी ठेवल्या. सप्टेंबर १९३५मध्ये नाझींच्या न्यूरेंबर्ग कायद्यांनी ज्यूंचं नागरिकत्व काढून घेतलं. त्याच वर्षी २७ डिसेंबरला ऑफेनबाखचे रब्बी माक्स डिनेमान यांनी रेजिनांची तोंडी परीक्षा घेऊन त्यांना सेमिखा, म्हणजे रब्बीपदाची सनद दिली. सगळं हिरावलं जात असताना ही बाई परीक्षेला बसली होती. मी रडले, सांगायला लाज वाटत नाही.

शेवटचा थांबा तुखोल्स्की रस्ता, नंबर ९, म्हणजे ते महाविद्यालय. आत जाता येत नाही. अध्यापक एकेक करून देश सोडत होते, तरी रब्बी लिओ बेक जुलै १९४२मध्ये सक्तीने टाळं लागेपर्यंत इथे शिकवत राहिले. रब्बी परागंदा झालेल्या गावांत कुणीतरी जायला हवं होतं, आणि रेजिना जायच्या. वृद्धाश्रमांत, इस्पितळांत प्रवचनं करायच्या. इतक्या मोठ्या गोष्टीला आम्हाला जेमतेम दहा मिनिटं मिळाली, कारण बाईंचा पुढचा गट ताटकळत होता. एक तारा त्यासाठी कापला. आयोजकांनी घुमटाचा वेळ कमी करून इथे द्यावा.

नोव्हेंबर १९४२मध्ये आईसह रेजिनांना टेरेझिनश्टाटच्या नाझी छळछावणीत नेलं. तिथेही त्यांनी व्याख्यानं दिली, २४ विषयांची यादी शिल्लक आहे. ऑक्टोबर १९४४मध्ये दोघींना आउशवित्झच्या मृत्युछावणीत पाठवून मारलं. त्यांची कागदपत्रं १९९१मध्ये बर्लिनच्या दफ्तरखान्यात सापडली, तोवर त्यांचं नाव जवळपास कुणाच्या ओठी नव्हतं. बाईंनी त्यातला फोटो दाखवला: काळा झगा, डोक्यावर टोपी, थेट आपल्याकडे बघणारे डोळे.

सहल शनिवारी नसते. ती जमली नाही तर क्राउस्निक गल्लीतला सहा नंबर आपला आपण शोधा, घुमटापासून चालत पाच मिनिटंही लागत नाहीत.