अकरा महिन्यांची टीस्को आणि ब्रिजखालची वायर

गोल्ड फॉइलवाली टीस्को म्हणजे काय, हे जुन्या गिटारी जमवणाऱ्यांना सांगायला नको. बाकीच्यांसाठी: टीस्को ही जपानी कंपनी, आणि गोल्ड फॉइल म्हणजे तिचे सोनेरी पत्र्याचे पिकअप, तारांच्या कंपनाचा विजेचा सिग्नल करणारे. कंपनी १९६७ साली कावाई या दुसऱ्या जपानी कंपनीकडे गेली, त्याच्या आगेमागेची ही गिटार. दोन पिकअप, ते चालू-बंद करायचे रॉकर स्विच, रंग मूळचाच. अकरा महिन्यांपूर्वी अशोक चौकाजवळ राहणाऱ्या एका मामांकडून ३२ हजारांना घेतली. मामांनी तिच्यावर तीसेक वर्षं सोलापुरात ऑर्केस्ट्रा केला. केसच्या खिशात तुटका पट्टा, दोन पिक आणि दोन्ही टोकांना चिमटे लावलेली वीतभर वायर निघाली. वायर मी स्क्रूच्या डब्यात टाकून दिली.

पहिले तीन महिने नुसता वैताग. ॲम्प सुरू केला की घूंऽऽ. पिकअप सिंगल कॉइल, म्हणजे एकाच गुंडाळीचे, त्यामुळे थोडा हम, म्हणजे ही घुरघुर, असणारच, ते मला मान्य आहे. पण हा आवाज वाजवणं गिळून टाकायचा. शेजारच्या शेडमधले माग बंद असले तरी तेच, ट्यूब आणि पंखा बंद केला तरी तेच. मी भेटेल त्याला सांगत होतो, की टीस्कोच्या नादी लागू नका.

शेवटी बाहेरगावच्या एका दुरुस्तीवाल्याकडे पाठवली. कुरिअरला जाऊन-येऊन २,८०० रुपये. चार दिवसांनी फोन आला: पिकअप गेलेत, हमबकर (हम मारणारे दोन गुंडाळ्यांचे पिकअप) टाकू, ९ हजार होतील, आणि जुने पिकअप आमच्याकडेच राहू द्या, तुम्हाला काय उपयोग? तिथं माझं डोकं फिरलं. या गिटारीला किंमत आहे ती त्या पिकअपमुळेच. अमेरिकन गिटारवादक राय कूडरने आपल्या स्ट्रॅटोकास्टर गिटारीत नेकच्या बाजूला टीस्कोचाच गोल्ड फॉइल बसवलाय. वर हमबकर बसवायला लाकूड कोरावं लागलं असतं, ते पुन्हा भरून येत नाही. तपासणीचे ६०० रुपये दिले आणि गिटार होती तशी परत मागवली.

घरी मल्टिमीटर लावला. दोन्ही पिकअप साडेपाच किलो-ओहमच्या आसपास. कॉइल तुटलेली असती तर आकडाच आला नसता. म्हणजे पिकअप जिवंत होते!

मग एक साधी गोष्ट लक्षात आली. तारांवर हात ठेवला तर हम कमी व्हायला हवा, कारण तारा ब्रिजमार्गे, म्हणजे त्या ज्यावर टेकतात त्या धातूच्या भागामार्गे, अर्थला जोडलेल्या असतात आणि त्यांना हात लावला की आपलं अंगही अर्थ होतं. इथं काहीच फरक पडत नव्हता. ॲम्पची केबल खुपसतात त्या जॅकच्या लोखंडाला बोट लावलं, आवाज निम्म्यावर. तार ते जॅक मल्टिमीटर लावला, बीप नाही, म्हणजे जोडच नाही.

ट्रेमोलोची, म्हणजे दांडीने सूर लहरवायच्या यंत्रणेची, पट्टी उघडली. खाली सोल्डर केलेली वायर नव्हतीच, सोललेलं टोक पट्टीखाली नुसतं दाबून ठेवलेलं. तांब्यावर हिरवा थर, पट्टीच्या खालच्या अंगाला काळपट डाग. वाजवताना उजवा तळवा तिथंच टेकतो, इतक्या वर्षांचा घाम मुरलेला. आठ रुपयांचा पॉलिश पेपर आणला, वायर आणि पट्टी लख्ख घासली, स्क्रू आवळले. बीप आली. ॲम्प सुरू केला तेव्हा तो बंदच आहे असं वाटून मी व्हॉल्यूम बघायला वाकलो.

मामांना फोन केला तर म्हणाले, "चिमट्याची वायर कुठं टाकलास बे? ती ब्रिजपासून जॅकला लावायची. मी कायम तशीच वाजवलो." डबा उपसून वायर शोधली आणि केसच्या खिशात परत ठेवली.

एक मात्र कळकळीनं सांगतो. तारा अर्थला जोडल्यावर ॲम्पच्या बॉडीत करंट उतरला तर तो थेट बोटात येतो. आधी पॉइंटचं अर्थिंग तपासून घ्या. आमच्या घराचा अर्थिंगचा खड्डा मे महिन्यात कोरडा पडलेला. नळाला पाणी काही दिवसांआड येतं, खड्ड्यात कोण ओतणार? आता भाजी धुतलेलं पाणी तिथंच जातं.

उन्हाळ्यात फिंगरबोर्ड आकसून फ्रेटची टोकं बोटाला टोचायला लागली होती. साबणाच्या डबीला भोकं पाडून ओला स्पंज केसमध्ये ठेवला, पावसाळ्यात टोचणं आपोआप थांबलं. ट्रेमोलोला मी हात लावत नाही, सूर हलतात.

टीस्को घेऊ नका, हे बोलणं मी मागे घेतो. हम गेल्यावर पहिल्यांदा ऐकू आलं की या आवाजाला दाणा आहे. हळू छेडलं तर मऊ, जोरात मारलं तर कडेला किंचित फाटतो आणि पुन्हा जुळून येतो. माझ्या नव्या गिटारीत हे नाही. इतक्या पैशात मला दुसरीकडे कुठं मिळालंही नसतं. ब्रिजकडच्या रॉकर स्विचची करकर तेवढी राहिलीय, कॉन्टॅक्ट क्लीनर मागवलाय.