झाकणावरचा बेडूक: मिरास्कोप घेण्याआधी

उडत्या तबकडीच्या आकाराची काळी प्लॅस्टिकची डबी, वरच्या झाकणाला मधोमध गोल भोक आणि त्या भोकात बसलेला एक हिरवा बेडूक. उचलायला जावं तर चिमटीत काहीच येत नाही. खरा बेडूक खाली, डबीच्या तळाशी. मिरास्कोप या नावाने विज्ञान-खेळण्यांच्या दुकानांत आणि ऑनलाइन मिळणाऱ्या या वस्तूचे दोन आकार जास्त दिसतात: साधारण 15 सेंमी व्यासाचा छोटा आणि 23 सेंमीचा मोठा. परवडत असेल तर मोठाच घ्यावा. का, ते पुढे येईलच.

खोक्यावर बरेचदा ‘थ्रीडी होलोग्राम’ असं छापलेलं असतं. ते साफ चूक आहे. होलोग्रामसाठी लेसरच्या प्रकाशाची नक्षी फिल्मवर नोंदवावी लागते. इथे फिल्म नाही, वीज नाही, सेल नाहीत. एकमेकांकडे तोंड करून ठेवलेले दोन अंतर्गोल आरसे, एवढाच मामला. दहावीच्या विज्ञानात ज्या ‘वास्तव प्रतिमे’वर किरणाकृती काढून मार्क मिळवलेले असतात, तीच ही: प्रकाशकिरण खरोखर एका जागी येऊन मिळतात तिथे बनणारी.

आरसे गोलाचा तुकडा नसून अन्वस्ताच्या (पॅराबोलाच्या) आकाराचे असतात; अशा आरशावर सरळ येणारे समांतर किरण ज्या एका बिंदूत मिळतात ती त्याची नाभी. वरच्या आरशाची नाभी तळाच्या मध्यावर येते आणि खालच्याची नाभी वरच्या भोकात. बेडकाकडून निघालेला किरण वरच्या आरशावर आपटून सरळ उभा खाली येतो, खालच्या आरशावरून पुन्हा परततो आणि भोकापाशी बाकीच्या किरणांना येऊन मिळतो. दोन स्टीलच्या कढया समोरासमोर ठेवून हे जमत नाही. त्यांना ना तेवढी झिलई असते, ना तो आकार.

ही करामत अमेरिकेतली. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा इथल्या आवारात कॅलिस्ट लँड्री यांना सर्चलाइटचे जुने आरसे साफ करताना हवेत तरंगणारी धूळ दिसली आणि ती काही केल्या पुसली जाईना, अशी गोष्ट सांगतात. तिथलेच भौतिकीचे प्राध्यापक व्हर्जिल एलिंग्ज आणि लँड्री या दोघांच्या नावावर 1972 साली याचं पेटंट झालं.

आता परीक्षणाच्या दृष्टीने महत्त्वाचं. याला दृष्टिभ्रम म्हणणं अर्धंच बरोबर आहे. म्युलर-लायरच्या बाणांमध्ये (1889) दोन सारख्या रेघा लहानमोठ्या वाटतात, तो मेंदूचा हिशेब. एम्सच्या वाकड्या खोलीत एक माणूस खुजा आणि दुसरा ताडमाड दिसतो, पण एका डोळ्याने, ठरवून दिलेल्या भोकातून बघितलं तरच. मिरास्कोपसमोर दोन्ही डोळे उघडे ठेवा, मान इकडेतिकडे हलवा, मोबाइलने फोटो काढा, बेडूक तिथेच असतो. कारण प्रकाश खरोखर त्या जागेवरून येतो आहे. डोळा आपलं काम चोख करतो. म्हणजे प्रतिमा फिकी, दुहेरी किंवा वाकडी दिसली तर दोष डोळ्यांचा नाही, आरशाचा. पैसे आरशाचेच द्यायचे असतात, बेडूक फुकट.

म्हणून डबी हातात आली की परत करायची मुदत संपायच्या आत तीन गोष्टी तपासाव्यात. झाकण काढून खालच्या आरशावर चौकटीच्या वहीचं पान धरा आणि प्रतिबिंबातल्या रेघा बघा. रेघा वाकड्या दिसणारच, आरसाच वाकडा आहे. पण त्या सलग वळायला हव्यात. मध्येच लाट किंवा पिळवटल्यासारखा पट्टा दिसला तर प्लॅस्टिक साच्यातून काढताना वाकलेलं आहे. मग कडा बघा. झाकण बसवून टेबलावर ठेवा आणि काठावर चारी बाजूंनी बोटाने दाबा. कुठे टकटक हललं तर दोन आरशांमधलं अंतर सगळीकडे सारखं नाही. शेवटी तळाशी एक रुपयाचं नाणं ठेवा, झाकण लावा आणि झाकण सावकाश गोल फिरवत प्रतिमेवर नजर ठेवा. चांगल्या तुकड्यात प्रतिमा ढिम्म राहते. ती फिरल्यासारखी डगमगली किंवा अक्षरांना सावलीसारखी जोड आली, तर वस्तू परत करावी. ही खोट घरी दुरुस्त होत नाही.

‘आम्हाला काहीच दिसत नाही’ ही तक्रार मात्र बहुतेक वेळा आरशाची नसते, बसण्याची असते. प्रतिमा सगळ्या कोनांतून दिसत नाही. आरशाच्या कडेची भूमिती मांडली तर आडव्या पातळीपासून साधारण 20 अंशांच्या खालून ती दिसूच शकत नाही, कारण तिकडे जाणारा किरण द्यायला आरसाच उरत नाही. वरून, 60 अंशांच्या पुढे गेलं की भोकातून तळाचा खरा बेडूक दिसायला लागतो आणि मजा जाते. 40 ते 45 अंश सर्वांत उत्तम. डबी टेबलावर 50 सेंमी लांब असेल तर डोळा भोकापेक्षा निदान 18 सेंमी वर हवा. टेबलाच्या काठावर हनुवटी टेकवून बघणाऱ्या चार वर्षांच्या पोराला म्हणूनच काही दिसत नाही. डबी जमिनीवर ठेवा आणि त्याला उभं करा.

बेडकाचा कंटाळा फार लवकर येतो, आणि खरी गंमत त्यानंतर आहे. पण आत काय ठेवायचं याला मर्यादा आहेत. वस्तू जितकी उंच, तितका तिचा वरचा भाग मोठा होतो. हे खोक्यावर कुठेच लिहिलेलं नसतं. छोट्या मिरास्कोपचं नाभीय अंतर सुमारे 5.3 सेंमी, मोठ्याचं सुमारे 8.1 सेंमी. आरशाच्या सूत्राने हिशेब केला तर दीड सेंमी उंच वस्तूचा शेंडा छोट्यात जवळपास 1.4 पट रुंद दिसतो, मोठ्यात 1.2 पट. फासा ठेवला तर छोट्यात तो वर फुगलेला, बादलीसारखा दिसतो, मोठ्यात फाशासारखा. मोठा घ्यावा तो यासाठी. छोटाच असेल तर नाणं, बटण, मणी, अंगठी अशी सेंमीभराच्या आतली उंची ठेवावी. रंग उजळ हवा. काळी किंवा गडद वस्तू झाकणाच्या काळ्या प्लॅस्टिकमध्ये हरवून जाते.

वस्तू ठेवण्याची दिशाही सांभाळावी लागते. प्रतिमा उलटी होत नाही, आरशातल्यासारखी डावी-उजवीही होत नाही. ती जागच्या जागी अर्धा फेरा फिरते. छोटीशी गणपतीची मूर्ती ठेवायची असेल तर तिची पाठ स्वतःकडे करून ठेवा, वर दर्शन समोरून होईल. नाण्यावरचे आकडे सरळ वाचायचे असतील तर नाणं आत उलट्या डोक्याने ठेवा.

धातूची वस्तू थेट आरशावर ठेवली की ती सरकते आणि मधोमध ओरखडा पाडते. खाली काळ्या कागदाची गोल चकती घालावी, भोकापेक्षा थोडी लहान. प्रकाश अडेल ही भीती नको. भोकाच्या बरोबर खालचा तेवढा भाग तसाही कामात येत नाही, कारण त्याच्या समोर वरचा आरसाच नसतो. शिवाय चकतीचीही प्रतिमा वर येते आणि भोक झाकलेलं आहे असं वाटून वस्तू झाकणावरच ठेवल्यासारखी दिसते. दोन मिनिटांचं काम, पण परिणाम दुप्पट.

प्रकाश खोलीभर पसरलेला असावा. डोक्यावर ट्यूबलाइट असेल तर तिची चमक थेट भोकातून परत डोळ्यांत येते. डबी थोडी बाजूला सरकवावी. पाहुण्यांना दाखवायचं असेल तर लहान टॉर्चचा झोत तिरका करून त्या हवेतल्या नाण्यावर टाका. नाणं उजळतं! नसलेल्या वस्तूवर उजेड पडतो, कारण झोत त्याच वाटेने उलटा जाऊन तळाच्या खऱ्या नाण्यावर पोचतो. प्रतिमेवर भिंग धरलं तर ती मोठीही होते. हाच प्रयोग लेसर पॉइंटरने करू नये, किरण परतून कोणाच्या डोळ्यांत जाईल याचा नेम नाही.

सगळ्यात जास्त मिरास्कोप बिघडतात ते फडक्यामुळे. घरच्या आरशात चकाकी काचेच्या मागे असते. इथे धातूचा पातळ थर प्लॅस्टिकच्या दर्शनी पृष्ठभागावरच असतो. शर्टाच्या टोकाने एकदा पुसलं की बारीक चरे पडतात आणि प्रतिमेवर कायमचं धुकं येतं. धूळ असेल तर हाताने दाबायच्या रबरी फुग्याने फुंकावी. तोंडाने नको, थुंकीचे शिंतोडे उडतात. बोटाचे ठसे असतील तर कोमट पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब, त्यात आरसा हलवून घ्यावा, फार तर ओला कापूस न दाबता फिरवावा. शेवटचं खळबळणं डिस्टिल्ड वॉटरने, नाहीतर बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग सुकून बसतात. मग पुसू नये, तिरपा ठेवून वाळवावा. काच पुसायचा अमोनियावाला स्प्रे आणि स्पिरिट दोन्ही वर्ज्य: पहिला ॲल्युमिनियम खातो, दुसरं वरचा लेप आणि प्लॅस्टिक. पावसाळ्यात, विशेषतः कोकणपट्टीत, डबी सिलिका जेलच्या पुडीसह बंद पिशवीत ठेवली तर चकाकी टिकते.

आणि उघडा आरसा खिडकीत ठेवायचा नाही, अगदी पाच मिनिटांसाठीही. छोट्या मिरास्कोपचा एकेक भाग सूर्याचा सगळा प्रकाश जेमतेम अर्ध्या मिलिमीटरच्या ठिपक्यात आणतो. पडदा, वर्तमानपत्र, सोफ्याचं कापड, काहीही पेटू शकतं. झाकण लावलेलं असलं तरी उन्हापासून लांबच बरं. लहान मुलांच्या हाती देताना चिकटपट्टीचे दोन तुकडे कडेला लावून डबी बंद केली तर आरसाही वाचतो आणि ही काळजीही मिटते.

शाळेच्या प्रयोगशाळेसाठी किंवा विज्ञान प्रदर्शनासाठी 23 सेंमीचा निःशंक घ्यावा, तीन-चार मुलं एकदम वाकून बघू शकतात. वाढदिवसाच्या भेटीसाठी छोटा चालेल. सोबत काळी चकती कापून द्यावी आणि बेडकाची पाठ कुणीकडे करायची ते चिठ्ठीवर लिहावं. पाच वर्षांच्या आतलं मूल घरात असेल तर मात्र थांबावं. ते पहिलं काम आरशावर बोटं फिरवायचंच करणार.