माफीचा साक्षीदारच निवेदक झाला तर : लाल किल्ल्यातील खटल्यावरील श्राव्यमालिकेचे परीक्षण

गांधी-हत्येच्या खटल्यावर मराठीत निघालेली बारा भागांची एक श्राव्यमालिका मी गेल्या महिन्यात पूर्ण ऐकली. ती ऐकण्यासाठी ॲपची वर्गणी भरावी लागते. वर्षाला २९९ रुपये पडतात आणि त्यात इतर कार्यक्रमही मिळतात. माझे आक्षेप मी निर्मात्यांना वेगळे कळवले आहेत आणि त्यांचे उत्तर अजून यायचे आहे, म्हणून मालिकेचे नाव येथे लिहीत नाही. ज्यांनी ती ऐकली आहे त्यांना वर्णनावरून ती सहज ओळखू येईल. मी स्वतः जिल्हा न्यायालयात लघुलेखक होतो, साक्षीदारांचे शब्द कागदावर उतरवून घेण्यातच नोकरी संपली, त्यामुळे माझा कान इतर श्रोत्यांपेक्षा वेगळ्या ठिकाणी अडकतो, हे आधीच सांगून ठेवतो.

ध्वनिमुद्रण स्वच्छ आहे. निवेदिकेचा आवाज शांत आहे, वाक्ये ती घाईने संपवत नाही आणि मराठी शुद्ध बोलते. आजकाल एवढेही दुर्मीळ झाले आहे. पहिले दोन भाग मला विशेष आवडले. लाल किल्ल्यात भरवलेले विशेष न्यायालय, न्यायाधीश आत्मा चरण, २७ मे १९४८ रोजी सुरू झालेले कामकाज, सरकार पक्षाच्या बाजूने उभे राहिलेले चंद्रकिशन दफ्तरी, आरोपींपैकी एक असलेल्या सावरकरांच्या बचावासाठी पुण्याहून गेलेले ल. ब. भोपटकर, हिंदुस्थानी, मराठी आणि तेलुगू अशा तीन भाषांच्या दुभाष्यांची सोय, हे सारे असे उभे केले आहे की ऐकणारा त्या दालनात जाऊन बसतो. सरकार पक्षाने १४९ साक्षीदार तपासले. एवढा पसारा श्रोत्याला गोंधळात न टाकता मांडणे सोपे नाही, आणि ते श्रेय निर्मात्यांना द्यायलाच हवे.

तिसऱ्या भागापासून मात्र मालिका एक निर्णय घेते आणि तो तिला शेवटपर्यंत भोवतो. कटाची हकिकत सांगण्याचे काम ती दिगंबर बडगे याच्याकडे सोपवते. बडगे पुण्यात ‘शस्त्र भांडार’ नावाचे दुकान चालवत असे. स्फोटके आणि हातबाँब त्यानेच पुरवले होते. ३१ जानेवारी १९४८ रोजी त्याला अटक झाली आणि जून महिन्यात साथीदारांविरुद्ध साक्ष देण्याच्या अटीवर माफी मिळून तो सरकार पक्षाचा, म्हणजे माफीचा, साक्षीदार झाला. मालिकेत एका गुणी नटाने त्याला आवाज दिला आहे. आवाज खर्जातला, थोडा थकलेला, पश्चात्ताप झाल्यासारखा आहे. हा माणूस ‘मी’ म्हणत गोष्ट सांगू लागला की दहाव्या मिनिटाला श्रोता त्याच्या बाजूचा होतो, आणि ज्या माणसाच्या शब्दाकडे न्यायालयाने संशयाने पाहायचे असते त्याच्याच डोळ्यांनी आपण साऱ्यांकडे पाहू लागतो.

हे कसे घडते, याचे एकच ठिकाण जवळून दाखवतो. १७ जानेवारी १९४८ रोजी नथुराम गोडसे, नारायण आपटे आणि बडगे हे शिवाजी पार्कजवळच्या सावरकर सदनात गेले, अशी बडगेची साक्ष आहे. त्याच्याच म्हणण्याप्रमाणे तो खालच्या खोलीत थांबला, दोघे वर गेले, पाच-दहा मिनिटांनी खाली आले आणि त्यांच्या पाठोपाठ सावरकर उतरून ‘यशस्वी होऊन या’ असे म्हणाले. परतताना टॅक्सीत आपटेने त्याला सांगितले की, गांधीजींची शंभर वर्षे भरली असे तात्यारावांनी, म्हणजे सावरकरांनी, भविष्य केले आहे. साक्ष एवढीच आहे. मालिकेच्या सातव्या भागात मात्र आपण जिन्यावरच्या पावलांबरोबर थेट वर जातो, दार लोटल्याचा आवाज येतो, पेल्यात पाणी ओतले जाते आणि तिघांचा संवाद ऐकू येतो. तो संवाद कोणी ऐकला होता? बडगे खाली बसला होता. वर गेलेल्या दोघांनी न्यायालयात कटच नाकारला होता आणि सावरकरांनी अशी भेट झाल्याचे अमान्य केले होते. म्हणजे त्या खोलीतला एकही शब्द अभिलेखात नाही. तो लेखकाच्या टेबलावर तयार झाला आहे, आणि तसे सांगणारी एक ओळही भागात कोठे नाही.

सावरकरांविषयी ऐकणाऱ्याचे मत काहीही असो, या ठिकाणी दोन्ही मतांच्या माणसांची फसवणूक होते. खालच्या खोलीतून ऐकू आलेले तीन शब्द कशासाठी उच्चारले गेले, हा खटल्यातला खरा प्रश्न होता आणि वरच्या खोलीतला संवाद रचून मालिकेने तो प्रश्नच पुसून टाकला.

न्यायाधीशांनी हा प्रश्न कसा हाताळला, ते निकालपत्रात वाचण्यासारखे आहे. बडगेची साक्ष २० जुलै १९४८ रोजी सुरू झाली, महिनाअखेरपर्यंत चालली, आणि त्यातले जवळजवळ सात दिवस उलटतपासणीत गेले. प्रश्नांना बगल न देता त्याने सरळ उत्तरे दिली, असे मत आत्मा चरण यांनी नोंदवले आणि एकंदरीत त्याला सत्य सांगणारा साक्षीदार मानले. तरीही सावरकरांच्या बाबतीत सरकार पक्षाची बाजू केवळ माफीच्या साक्षीदारावर आणि त्याच्या एकट्यावरच उभी आहे, त्यामुळे तेवढ्यावर निष्कर्ष काढणे सुरक्षित नाही, असे म्हणून त्यांनी सावरकरांना निर्दोष सोडले. दुजोऱ्यासाठी दोन साक्षीदार होते. १४ जानेवारीला गोडसे-आपटे यांना आपल्या गाडीतून शिवाजी पार्कपर्यंत सोडणाऱ्या अभिनेत्री शांताबाई मोडक हे एक, आणि १७ जानेवारीचा टॅक्सीचालक ऐतप्पा कोटियन हा दुसरा. त्यांच्या साक्षीतून हे लोक त्या बाजूला गेले एवढेच सिद्ध होते. सावरकर सदनात भिडे आणि दामले हेही राहत असत, तेव्हा ते कोणाला भेटले हे सिद्ध होत नाही. माणूस विश्वासार्ह, पण त्याचे म्हणणे या एका आरोपीपुरते पुरेसे नाही, अशी ही बारीक विणीची भूमिका आहे. मालिका ती ‘पुराव्याअभावी सुटका’ या दोन शब्दांत गुंडाळते. मी वेळ मोजला; चाळीस सेकंद भरले. सावरकरांचे अंगरक्षक अप्पा कासार आणि सचिव दामले यांचे पोलिसांपुढचे जबाब गांधी-हत्येच्या कटाची पुढे चौकशी करणाऱ्या कपूर आयोगाच्या १९६९ च्या अहवालात आले, पण खटल्यात त्या दोघांची साक्ष झाली नव्हती, ही गोष्ट तर मालिकेत मुळीच नाही. दुजोऱ्याचा प्रश्न किती नेमका आणि किती महाग असतो, हे याच तपशिलावरून समजले असते.

आता थोडे माझ्या धंद्यातले. साक्ष नोंदवताना सामान्यतः प्रश्न लिहिला जात नाही, उत्तर सलग निवेदनाच्या रूपात उतरते. वकील एखादी गोष्ट पाच वेळा फिरवून विचारतो, साक्षीदार छताकडे पाहतो, पाणी मागतो, आणि कागदावर येते ते ‘हे म्हणणे खरे नाही की मी पोलिसांच्या सांगण्यावरून खोटी साक्ष देत आहे’ एवढेच. साक्षीदाराची चलबिचल कागदात मरते. श्राव्यमालिकेचा लेखक जेव्हा अशा कागदावरून संवाद लिहितो तेव्हा ती चलबिचल त्याला नव्याने घालावी लागते, आणि ती कोठे घालायची हे तोच ठरवतो. या मालिकेत बडगे प्रामाणिक माणसासारखा अडखळतो, तर बचावाचे वकील चोख आणि कपटी स्वरात बोलतात. नटांचे काम उत्तम आहे, म्हणूनच ते जास्त घातक आहे.

माफीच्या साक्षीदाराची अडचण अशी की, तो खोटेच बोलतो असे नसते. बहुतेक वेळा तो बरेचसे खरे बोलतो. गुन्हा त्याने आतून पाहिलेला असतो, म्हणून वेळ, जागा, पिशवीचा रंग हे सगळे जुळते. त्या जुळणाऱ्या तपशिलांच्या ताटात एखाद्या निरपराध माणसाचे नाव वाढणे त्याला सर्वांत सोपे जाते. शिवाय माफी सशर्त असते. सगळे खरे सांगायचे, काही लपवायचे नाही, आणि अट मोडली तर पुन्हा आरोपीच्या पिंजऱ्यात. यामुळे तो पहिल्या जबाबाला चिकटून राहतो, आणि त्याचा तो चिकटपणा ऐकणाऱ्याला खरेपणा वाटतो. पुण्यातल्या माझ्या पिढीला हे जोशी-अभ्यंकर हत्याकांडाच्या खटल्याच्या दिवसांत समजले. तेव्हा रोज सकाळी वर्तमानपत्र उघडून माफीच्या साक्षीदाराने काल काय सांगितले हे वाचणारी माणसे दुपारी त्याच्यावर विश्वास ठेवावा की नाही यावर भांडत असत.

मालिकेने जेथे संयम पाळला आहे, तेथे ती खरोखर चांगली आहे. गांधीजींवरच्या २० जानेवारीच्या फसलेल्या हल्ल्याचा प्रसंग आठव्या भागात आहे. बिर्ला भवनाच्या मागच्या नोकराच्या खोलीत शिरून जाळीतून मारा करण्याचे काम बडगेकडे होते. दाराशी एक डोळा गेलेला माणूस बसलेला दिसला, त्याला तो अपशकुन वाटला आणि त्याने आत जाण्यास नकार दिला, अशी त्याची साक्ष आहे. येथे पार्श्वसंगीत नाही, नाट्यही नाही, निवेदिका फक्त साक्ष वाचते. ऐकताना मलाही वाटून गेले की स्वतःचा भित्रेपणा कोण रचून सांगेल? मग दुसरा विचार आला की हाच भित्रेपणा त्याच्या फायद्याचा आहे, कारण त्यामुळे त्याच्या हातून हत्यार चाललेच नाही. श्रोत्याला अशा दोन्ही शक्यतांपाशी एकटे सोडणे हे या मालिकेला जमते, हे या भागावरून दिसते. त्याच भागात गोडसे-आपटे यांची दिल्लीच्या मरीना हॉटेलमधली ‘देशपांडे’ या नावाची नोंद आणि ‘करमरकर’ व ‘मराठे’ या खोट्या नावांनी काढलेली विमानाची तिकिटे येतात. बडगे काहीही म्हणो, ही कागदपत्रे स्वतंत्रपणे बोलतात, आणि इतर आरोपींविरुद्ध त्याच्या साक्षीला बळ मिळाले ते अशाच पुराव्यामुळे.

मला सर्वांत खटकले ते शंकर किस्तय्याचे प्रकरण. हा बडगेचा नोकर. मालकाने पिशवी दिली ती त्याने उचलली, मालकाने सांगितले तेथे तो उभा राहिला. मालकाला माफी मिळाली आणि नोकराला जन्मठेप झाली; न्यायाधीशांनी ती सात वर्षांवर आणावी अशी शिफारस केली, आणि जून १९४९ मध्ये पूर्व पंजाब उच्च न्यायालयाने शिमल्यात त्याला आणि दुसरे एक आरोपी डॉ. परचुरे यांना सोडून दिले. माफी देण्याच्या व्यवस्थेवर याहून बोलके उदाहरण या खटल्यात नाही. बारा भागांत त्याच्या वाट्याला दोन वाक्ये आली आहेत, आणि तीही बडगेच्या तोंडी.

अकराव्या भागातील कायद्यावरच्या चर्चेत एक ढोबळ चूक आहे. माफीच्या साक्षीदाराच्या एकट्या शब्दावर शिक्षा देता येत नाही असा तेव्हा कायदा होता, असे पाहुणे वक्ते सांगतात. १८७२ च्या पुरावा कायद्याचे कलम १३३ नेमके उलट सांगत होते : दुजोरा नाही एवढ्याच कारणाने शिक्षा बेकायदा ठरत नाही. त्याच कायद्याच्या कलम ११४ मधील दृष्टांत (ख) मात्र महत्त्वाच्या बाबींत दुजोरा मिळाल्याखेरीज साथीदार विश्वासास पात्र नाही, असे गृहीत धरण्याची न्यायालयाला मुभा देत होता. या दोहोंच्या ओढाताणीतून व्यवहाराचा नियम घडला, आणि १९५७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरवन सिंग प्रकरणात दुहेरी कसोटी स्पष्ट केली : आधी साक्षीदार स्वतः विश्वासार्ह असला पाहिजे आणि मग त्याला पुरेसा दुजोरा मिळाला पाहिजे. जुन्या पुरावा कायद्याच्या जागी आलेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम १३८ मध्ये आता ‘दुजोरा मिळालेली’ साक्ष असाच शब्द आला आहे. वक्त्यांनी आजचा कायदा १९४८ वर चढवला असावा. संपादनात हे सुटायला नको होते.

ॲपविषयी थोडक्यात. ऐकण्याचा वेग कमी-जास्त करता येतो आणि थांबलो तेथून पुढे सुरू होते. लिखित संहिता दिलेली नाही, ही मोठी उणीव आहे, कारण कोणते वाक्य साक्षीतले आणि कोणते लेखकाचे हे तपासायला दुसरे साधन उरत नाही. वर्गणीचे आपोआप नूतनीकरण होते; ते बंद करण्याचे बटण सापडायला मला बराच वेळ लागला.

पाचपैकी तीन गुण देतो. पहिला, दुसरा आणि आठवा भाग जरूर ऐकावा. सातवा ऐकण्यापूर्वी निकालपत्रातील सावरकरांविषयीची पाने वाचून घ्यावीत, ती फार नाहीत. वर्गणी मी तूर्त चालू ठेवली आहे, कारण शिमल्याच्या अपिलावर तेराव्या पुरवणी भागाची घोषणा झाली आहे. नथुरामने ते अपील कटाच्या आरोपापुरतेच केले होते, म्हणजे तेथेही सारा भार पुन्हा बडगेच्या शब्दावर होता. शंकर किस्तय्याला त्यात किती मिनिटे मिळतात, ते घड्याळ लावून पाहणार आहे.