नव्या वेष्टनात लॅपटॉपचे जुने सेल : टॉर्च बनवणाऱ्यांनी लक्ष द्या

कोल्हापुरात टॉर्च मॉडिफाय करणाऱ्या सगळ्यांना हे मुद्दाम कळवतोय. एका ऑनलाइन विक्रेत्याकडून मागवलेला १८६५० सेलचा (१८ मिमी जाड, ६५ मिमी लांब, पुन्हा चार्ज होणारा लिथियम सेल) आख्खा लॉट बनावट निघाला. पैसे तर गेलेच. पण हे सेल रात्रीची लाईट असते म्हणून उसाला पाणी पाजायला जाणाऱ्यांच्या हातातल्या टॉर्चमध्ये बसणार होते, त्याची काळजी जास्त.

फसवण्याची पद्धत अशी. नमुन्याचे दोन सेल आधी येतात, ते अस्सल असतात. खात्री पटली की ४० नगांची ऑर्डर जाते, पैसे यूपीआयवर आगाऊ. लॉटवर तेच गुलाबी वेष्टन, तीच 'सॅमसंग ३०क्यू'ची छपाई, क्षमता ३००० एमएएच (मिलिअँपिअर-तास). आत मात्र मोडीत निघालेल्या लॅपटॉप पॅकमधले सेल.

दुसरा बनावट प्रकार म्हणजे ९९०० एमएएच छापलेले सेल, ते वजनातच सापडतात. नावाजलेल्या कंपन्यांचे १८६५० साधारण ३५००-३६०० एमएएचवर थांबतात आणि ४४ ते ४९ ग्रॅम भरतात. गुजरीत ओळखीच्या सराफाच्या काट्यावर ठेवला आणि तिशीत भरला, तर पुढे तपासायची गरजच नाही. पण लॅपटॉपचा जुना सेलही ४५ ग्रॅमच्या आसपास भरतो. तिथे काटा उपयोगाचा नाही.

म्हणून लॉटमधला एखादा सेल सोलून बघा. ऋण टोकाकडून वेष्टन नखाने उचला, ब्लेड खोल घालू नका. बुडाच्या पत्र्यावर बारीक ठिपक्यांच्या जोड्या दिसतील, किंवा त्या घासून काढल्याचे ओरखडे. जुन्या पॅकमधली निकेलची पट्टी स्पॉट वेल्डिंगने तिथे चिकटलेली होती, त्याच्या या खुणा. नवीन सुट्या सेलचं बूड स्वच्छ असतं. धन टोकाची इन्सुलेशनची रिंग अजिबात काढू नका. डबा पूर्ण ऋण असतो, तिथे धातू टेकला की शॉर्ट.

खरा निकाल क्षमता मोजणाऱ्या चार्जरवर. ४.२ व्होल्टपर्यंत भरा, ५०० मिलिअँपिअरने २.८ पर्यंत उतरवा. ३००० चा सेल सहा तासांच्या जवळपास चालला पाहिजे. आमच्या लॉटमधले अडीच तासांत झोपले, म्हणजे जेमतेम १२००. अंतर्गत रोध २०० मिलिओहमच्या घरात, चांगल्या नवीन सेलचा २० ते ५० असतो.

हा रोध टॉर्चमध्ये काय करतो ते बघा. ड्रायव्हर म्हणजे एलईडीला ठराविक करंट देणारं सर्किट. ७१३५ नंबरच्या आठ चिप असलेला ड्रायव्हर २.८ अँपिअर ओढतो. २.८ गुणिले ०.२, म्हणजे अर्ध्या व्होल्टहून जास्त सेलमध्येच पडतं आणि दीड वॉट उष्णता बंद नळीत साठते. व्होल्टेज दबलं की ड्रायव्हरमधलं कमी व्होल्टेजचं संरक्षण चालू होतं, उजेड मिचमिचतो, आणि माणूस ड्रायव्हर खराब समजून पुन्हा सोल्डरिंग करत बसतो. विक्रेताही नेमकं हेच सांगतो, 'तुमचं सर्किट बघा.' आधी सेल बदलून बघा, मग सोल्डरिंग गन हातात घ्या.

दोन सेल एकामागे एक लावलेल्या टॉर्चमध्ये तर हे सेल घालूच नका. कमजोर सेल आधी रिकामा होतो, दुसरा त्याला उलटा चार्ज करतो, आणि त्या कमजोर सेलमध्ये गॅस धरतो. ओ-रिंग (पाणी आत जाऊ नये म्हणून लावलेली रबरी कडी) घट्ट असलेल्या नळीतून गॅसला वाट नसते. तिथे स्फोटाचा धोका खरा आहे.

त्याच पार्सलमधले एलईडीचे 'तांब्याचे' स्टारही (एलईडी ज्यावर बसवलेली असते ती धातूची छोटी पट्टी) तपासा. कडेला कानस मारली की पांढरा ॲल्युमिनियम दिसतो. उद्यमनगरात लेथवर चांगली तांब्याची चकती करून घ्यायची आणि तिच्यावर असला स्टार बसवायचा, यात काही अर्थ नाही.

पार्सल फोडतानाचा सलग व्हिडिओ काढा, पेमेंटचा स्क्रीनशॉट आणि क्षमतेच्या आकड्यांचे फोटो जपून ठेवा. सेलवर किंवा खोक्यावर बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरो) आर-क्रमांक, म्हणजे नोंदणी क्रमांक, आहे का तेही बघा. लिथियम सेलना आयएस १६०४६ खाली नोंदणी सक्तीची आहे. विक्रेता फिरला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. पैसे घेऊन गायबच झाला तर सायबर फसवणुकीची हेल्पलाइन १९३०, आणि तीही लगेच. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही.

परत न घेतलेले सेल स्वस्तात कुणाला विकू नका. दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावा आणि ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या. घंटागाडीत टाकले तर कचरा दाबताना पेट घेतात.