एंडोमेट्रिओसिसच्या शस्त्रक्रियेनंतरचा चिकटपणा: पडदा, द्राव की अंडाशय टांगणं?

एंडोमेट्रिओसिसमध्ये गर्भाशयाच्या अस्तरासारखं ऊतक गर्भाशयाबाहेर वाढतं. दुर्बिणीतून त्याचे डाग काढले, की तिथलं उदरावरण (पोटातल्या अवयवांवरचं पातळ आवरण) सोललेलं राहतं. काही तासांतच त्यावर फायब्रिन (रक्त गोठताना तयार होणारं चिकट प्रथिन) साचतं. रक्तपुरवठा चांगला असेल तर शरीर ते थोड्या दिवसांत विरघळवून टाकतं. ऊतक भाजलेलं असेल किंवा रक्त साचून राहिलं असेल, तर मात्र त्यात तंतू आणि रक्तवाहिन्या शिरतात आणि अंडाशय, आतडं, गर्भाशय एकमेकांना चिकटतात. नवं आवरण यायला साधारण आठवडा लागतो. पुढचे सगळे पर्याय फक्त या आठवड्यात हे भाग एकमेकांपासून वेगळे ठेवण्यासाठी आहेत.

सेल्युलोजचा पडदा (इंटरसीड): सोललेली जागा मर्यादित असेल, उदाहरणार्थ चॉकलेट सिस्ट (एंडोमेट्रिओसिसमुळे जुन्या रक्ताने भरलेली गाठ) काढलेला अंडाशय, तर आमची पहिली पसंती याला. ‘एश्रे’ या युरोपीय संस्थेच्या २०१४च्या मार्गदर्शक सूचनांनीही एंडोमेट्रिओसिसच्या दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत याला मान्यता दिली होती. अट कडक आहे: जागा पूर्ण कोरडी हवी. आधी धुण्याचं पाणी शोषून घ्यायचं, जखमेच्या कडेपलीकडे जाईल इतका तुकडा कापून ठेवायचा आणि थोड्या सलाइनने ओला करून बसवायचा. तो काळा पडला तर खाली रक्त येतंय. तसाच ठेवला तर रक्तात भिजलेला हा पडदाच चिकटपणाला आधार देतो. तो काढायचा, रक्त थांबवायचं आणि नवा लावायचा.

हायलुरोनिक आम्लाचा पडदा (सेप्राफिल्म): पोट उघडून केलेल्या शस्त्रक्रियेत चांगला. ठिसूळ असतो, ओल्या हातमोज्याला लगेच चिकटतो, म्हणून दुर्बिणीच्या छोट्या छिद्रातून नेणं कटकटीचं. आतड्याचा तुकडा कापून टोकं जोडली असतील तर त्या जोडाभोवती हा गुंडाळू नये, जोड गळण्याचा धोका वाढतो.

४% आयकोडेक्स्ट्रिनचा द्राव (अ‍ॅडेप्ट): शस्त्रक्रिया चालू असताना याने धुतात आणि शेवटी सुमारे १ लिटर पोटात सोडतात. रिंगर लॅक्टेट हा साधा क्षारांचा द्राव साधारण दिवसभरात शोषला जातो, हा तीन-चार दिवस राहतो. सगळीकडे पसरतो ही याची जमेची बाजू. पण ‘एश्रे’च्या त्याच २०१४च्या सूचनांनी एंडोमेट्रिओसिससाठी त्याचा वापर समर्थनीय मानला नव्हता, कारण फायदा दिसला नव्हता. मक्याच्या स्टार्चची अ‍ॅलर्जी किंवा माल्टोज (एक प्रकारची साखर) न पचण्याचा विकार असेल तर नकोच. मधुमेह असेल तर भूलतज्ज्ञांना जरूर सांगा: काही ग्लुकोमीटर यामुळे साखर खोटी जास्त दाखवतात, आणि त्यावरून दिलेलं इन्सुलिन जिवावर बेतू शकतं.

अंडाशय टांगणं: टाक्याने अंडाशय पोटाच्या पुढच्या भिंतीकडे काही दिवस ओढून ठेवतात, नंतर टाका काढतात. अंडाशयामागची बाजू खोलवर सोलली असेल तर कल्पना पटते, पण पुरावा डळमळीत आहे.

यापैकी कशानेही वेदना कमी होतात किंवा गर्भधारणा वाढते, हे अजून ठामपणे सिद्ध झालेलं नाही. त्यामुळे ऊतक न भाजणं, कमीत कमी ओढाताण आणि नीट थांबवलेलं रक्त यांना आम्ही कोणत्याही पाकिटापेक्षा जास्त महत्त्व देतो. डॉक्टरांना आधीच विचारा: सिस्ट काढल्यावर अंडाशयातलं रक्त जाळून थांबवणार की टाक्याने? आणि शेवटी जागा ओलीच राहिली, तर पडद्याऐवजी काय करणार?

आयकोडेक्स्ट्रिन सोडलं असेल तर पहिले काही दिवस छिद्रांतून पाण्यासारखा स्राव येऊ शकतो, योनीच्या ओठांना सूजही दिसू शकते. ताप, वाढत जाणारं पोटदुखणं किंवा घट्ट होत जाणारं पोट मात्र त्याचं लक्षण समजू नका. त्याच दिवशी रुग्णालय गाठा.