टाइमशिफ्टला ॲप्टची जोड: एका पावसाळ्याच्या वापरानंतर

खानापूर येथील माझ्या टंकलेखनाच्या दुकानात दोन संगणक आहेत; एकावर लिनक्स मिंट आणि दुसऱ्यावर मांजारो, या लिनक्सच्याच दोन संगणक-प्रणाली. लग्नपत्रिका, सोसायटीचे अहवाल, तसेच मराठी आणि कन्नड अशा दोन्ही भाषांतील अर्ज यांवर हे दुकान चालते. त्यामुळे संगणक एक दिवस बंद राहिला, तरी गावोगावहून एसटीने आलेल्या लोकांना रिकाम्या हाताने परतावे लागते.

टाइमशिफ्ट हे यंत्रणेची स्थितिप्रत (स्नॅपशॉट, म्हणजे त्या वेळच्या स्थितीची नक्कल) घेणारे साधन २०१७ च्या मिंट १८.३ पासून मिंटसोबतच मिळते. ते दररोज किंवा दर आठवड्याला ठरलेल्या वेळी प्रत घेते. परंतु यंत्रणा बिघडण्याचा धोका सर्वाधिक असतो तो नवी पॅकेजेस (सॉफ्टवेअरचे संच) चढत असताना, आणि ती वेळ घड्याळाला ठाऊक नसते. मांजारोवर ही उणीव टाइमशिफ्ट-ऑटोस्नॅप भरून काढते, कारण पॅकमन हे तिथले पॅकेजेस बसवणारे साधन पॅकेजेस अद्ययावत करण्यापूर्वी ते प्रत घेऊन ठेवते. हीच सोय ॲप्टसाठी, म्हणजे मिंटवर पॅकेजेस आणून बसवणाऱ्या साधनासाठी, आणणारे टाइमशिफ्ट-ऑटोस्नॅप-ॲप्ट मी पावसाळ्यापूर्वी मिंटवर बसवले, आणि हा अभिप्राय मुख्यतः त्याविषयी आहे.

त्याची रचना मला फार आवडली. ॲप्टच्या सेटिंग्जच्या फोल्डरमध्ये एक छोटी फाइल बसते आणि पॅकेज प्रत्यक्ष बसवणाऱ्या डीपीकेजीला हाक जाण्याआधी तिच्यातील आज्ञा चालते. म्हणून टर्मिनलऐवजी अपडेट मॅनेजरमधून काम केले तरी प्रत घेतली जाते. माझी डिस्क फाइली साठवण्याच्या बीटीआरएफएस पद्धतीची असल्याने त्यास काही क्षणच लागतात. मूळ सेटिंगनुसार शेवटच्या तीनच प्रती राहतात. शिवाय हे साधन स्वतःच्या खुणेच्या जुन्या प्रती तेवढ्या पुसते, आणि हाताने घेतलेल्या प्रतींना धक्का लावत नाही. दुसऱ्याच्या वस्तूला हात न लावण्याची ही शिस्त मला मोलाची वाटते.

त्याची खरी परीक्षा आषाढात झाली. अपडेट सुरू असतानाच मुसळधार पावसात वीज गेली, आणि ती परत आल्यावर संगणक लॉगिनपर्यंतही पोहोचेना. पेन ड्राइव्हवरून मिंट सुरू करून, टाइमशिफ्टमध्ये अपडेटपूर्वीची प्रत निवडून पूर्ववत केली, तेव्हा अर्ध्या तासात दुकान चालू झाले. माझ्या फाइलींचे होम फोल्डर वेगळ्या उपखंडात (डिस्कवरील स्वतंत्र कप्प्यात) असल्यामुळे, त्याच दिवशी टंकलेल्या दोन पत्रिका जशाच्या तशा मिळाल्या. त्यांतील एक बेळगावच्या छापखान्यात सायंकाळपर्यंत द्यायची होती, ती वेळेत पोहोचली.

मर्यादा मात्र नीट समजून घ्याव्यात. प्रिंटरचा ड्रायव्हर थेट डीपीकेजीच्या आज्ञेने बसवला, तर ॲप्ट मध्ये येतच नाही आणि प्रतही निघत नाही. सॉफ्टवेअर बसवण्याच्या फ्लॅटपॅक या वेगळ्या साधनाचेही तसेच आहे. ते आपले सामान स्वतःच आणते, त्यामुळे ॲप्टच्या दारावर बसवलेला पहारेकरी त्याला अडवू शकत नाही. माझ्या दुकानात चित्रांचे सॉफ्टवेअर फ्लॅटपॅकमधून येते, म्हणून अशीच सोय पुढे त्यासाठीही तयार व्हावी अशी माझी मनापासून इच्छा आहे.

बसवण्याची रीतही नवख्याला अवघड आहे. गिट या साधनाने त्याची संहिता (सोर्स कोड) उतरवून ते बसवण्यासाठी मेकची आज्ञा द्यावी लागते, आणि बीटीआरएफएसच्या प्रतींसाठी यंत्रणा व होम यांचे उपखंड उबुंटू या लिनक्स-प्रणालीच्या रीतीने मांडलेले असावे लागतात. ज्यांची डिस्क साध्या ईएक्सटी४ पद्धतीची आहे, त्यांना आरसिंकचा, म्हणजे फाइलींची नक्कल करण्याचा, मार्ग घ्यावा लागतो. त्यात पहिल्या प्रतीला बरीच जागा आणि वेळ लागतो.

बीटीआरएफएसच्या प्रती त्याच डिस्कवर राहतात, म्हणून डिस्कच गेली तर त्याही जातात. ग्राहकांच्या फाइली मी रोज रात्री दुकान बंद करताना वेगळ्या बाह्य डिस्कवर उतरवतो, आणि हे साधन आल्यानंतरही तो क्रम सोडलेला नाही.