‘फोर-फिफ्टी’ हेलिकॉप्टर: आठ महिने, दीडशे बॅटऱ्या

टी-रेक्स ४५० या रिमोटवर उडणाऱ्या मॉडेल हेलिकॉप्टरच्या धर्तीवर निघालेल्या, शेपटीचा पंखा पट्ट्यावर चालणाऱ्या स्वस्त किटबद्दल हे लिहितोय. पाती ३२५ मिमी, मुख्य शाफ्ट ५ मिमी, मुख्य गिअर १५० दात्यांचा, बॅटरी थ्री-सेल २२०० एमएएच लिपो. फ्लायबार (पात्यांना आडवा, हेलिकॉप्टर स्थिर ठेवणारा दांडा) नाही, त्याचं काम तीन अक्षांचा जायरो (कलणं-वळणं ओळखणारा सेन्सर) असलेलं युनिट करतं. आठ महिन्यांत दीडशेच्या आसपास बॅटऱ्या, म्हणजे तेवढी उड्डाणं, उडवून झाल्यात. डब्यावर ‘उडवायला तयार’ असं छापलंय ते मनावर घेऊ नका. आत आहेत ते जोडलेले सुटे भाग. फ्रेम आणि हेड (मुख्य पाती धरणारा वरचा भाग) पैसे वसूल आहेत. ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट) आणि शेपटीचा सर्व्हो (पात्यांचा कोन बदलणारी छोटी मोटर) मात्र पहिल्याच महिन्यात बदलले.

पहिलं काम म्हणजे सगळं उघडायचं. जोडून आलेल्या हेडचे स्क्रू एकतर अगदी कोरडे असतात, नाहीतर थ्रेडलॉकरनं (स्क्रू सैल होऊ नये म्हणून लावायच्या गोंदानं) इतके माखलेले की स्क्रू हलण्याआधी १.५ मिमीच्या ॲलन कीचे कोपरे गोल होतात. अडलेल्या स्क्रूच्या डोक्यावर सोल्डरिंग आयर्नचं टोक दहा-पंधरा सेकंद टेकवलं की थ्रेडलॉकर मऊ पडतं. मग आटे आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसायचे आणि निळं थ्रेडलॉकर टाचणीच्या टोकावर मावेल एवढंच लावायचं, तेही धातूत धातू जातो तिथेच. प्लास्टिकला ते लागलं तर प्लास्टिक तडकतं.

हेडमधल्या थ्रस्ट बेअरिंगवर घाई करू नका. त्याच्या दोन चकत्या दिसायला जुळ्या असतात, पण एकीचं भोक किंचित मोठं असतं. दोन्ही स्पिंडलवर, म्हणजे दोन्ही पात्यांच्या पकडी जोडणाऱ्या सळीवर, सरकवून बघा: एक सैल घरंगळते, दुसरी चिकटून बसते. सैल असलेली आत, हबच्या (हेडच्या मधल्या तुकड्याच्या) बाजूला. घट्ट असलेली बाहेर, स्क्रूच्या डोक्याकडे. मध्ये गोळ्या आणि भरपूर ग्रीस. आमच्या किटमध्ये एका बाजूला हा क्रम उलटा होता. हातानं पातं फिरवून बघितलं तर काहीच कळत नाही. पण मिनिटाला २,७०० फेऱ्यांना प्रत्येक पातं तीस-चाळीस किलोच्या ताकदीनं बाहेर ओढतं, तेव्हा उलटं बेअरिंग जाम होतं, सर्व्हो कण्हतात आणि हेलिकॉप्टर स्टिकला उशिरा प्रतिसाद देतं. माणूस मग युनिटचे आकडे बदलत बसतो.

पिनियन (मोटरवरचा छोटा गिअर) आणि मुख्य गिअर यांच्यात प्रिंटरच्या कागदाची पट्टी घालून मोटर आवळायची आणि गिअर फिरवून पट्टी बाहेर काढायची. कागदावर सुरकुत्यांची नक्षी हवी, भोकं नकोत. स्वस्त गिअर कधीच पूर्ण गोल नसतो, म्हणून पूर्ण फेरा फिरवून सगळ्यात घट्ट जागा शोधा आणि तिथे हे माप घ्या. सैल जागेवर घेतलंत तर घट्ट जागी मोटर रडते आणि दहा-बारा बॅटऱ्यांत दात्यांचा पांढरा भुगा फ्रेमवर दिसायला लागतो.

पिनियन किती दात्यांचं, हा हिशेब कागदावर करून टाका. मोटर ३५५० केव्हीची (व्होल्टमागे मिनिटाला ३५५० फेऱ्या), बॅटरी ११.१ व्होल्टची: मोकळ्या ३९,४०० फेऱ्या. तेरा दात्यांच्या पिनियननं ११.५ चा भाग जातो आणि भाराखाली ऐंशी टक्के धरले तर हेडला साधारण २,७०० मिळतात. अकरा दात्यांचं घातलं तर २,३०० च्या आसपास. शिकणाऱ्यानं अकराच घालावं. हेलिकॉप्टर मवाळ होतं आणि बॅटरी एक-दीड मिनिट जास्त पुरते.

आता रेडिओ, म्हणजे हातातला ट्रान्समीटर. मोटरच्या तीनपैकी दोन वायर काढून ठेवल्याशिवाय टेबलावर सेटअप करू नका. पात्याच्या टोकाचा वेग ताशी साडेतीनशे किलोमीटरच्या वर जातो, बोटाला ते कळत नाही. सर्व्होचे हॉर्न (त्यावरचे छोटे हात) मध्यावर काटकोनात बसवायचे. एका दात्यावर बसत नसेल तर हॉर्न फिरवून त्याचा दुसरा हात वापरून बघा. सबट्रिम (मध्य जुळवायची रेडिओतली बारीक दुरुस्ती) अगदी शेवटी, तेही थोडंसंच. नंतर स्वॉशप्लेट (सर्व्होंची हालचाल पात्यांना पोचवणारी चकती) समतल, मधल्या स्टिकला पिच (पात्यांचा कोन) शून्य, दोन्ही टोकांना १० ते ११ अंश. पिचगेज लावताना दोन्ही पाती मोजा. एका लिंकचा अर्धा फेरा चुकला तरी पुढे ट्रॅकिंगला, म्हणजे दोन्ही पाती एका पातळीत आणायला, तासभर जातो.

जायरोची दिशा तपासल्याशिवाय मैदानात गेलात तर पहिलं उड्डाण दोन सेकंदांचं असेल. हेलिकॉप्टर पुढे कलवलं की स्वॉशप्लेट मागे कलली पाहिजे. नाक डावीकडे ढकललं की शेपटीचा सर्व्हो उजवा रडर दिल्यासारखा हलला पाहिजे. यातलं काही उलटं निघालं तर युनिटमधली जायरोची दिशा बदलायची, रेडिओमधला चॅनेल उलटा करून चालत नाही. ही चूक सर्रास होते.

ईएससीची तक्रार अशी. सोबत आलेल्यात लिनियर बीईसी (बॅटरीचं व्होल्टेज कमी करून सर्व्हो आणि युनिटला देणारा भाग) होता. तीन डिजिटल सर्व्हो आणि शेपटीचा चौथा एकदम हलले की व्होल्टेज खाली बसतं आणि युनिट हवेतच रीसेट होतं. टेबलावर सगळे सर्व्हो एकाच वेळी जोरजोरात हलवून बघा. दिवा लुकलुकला तर समजून जा. स्विचिंग बीईसीचा ४० अँपिअरचा ईएससी घातल्यापासून एकदाही तसं झालेलं नाही. थ्रॉटल कर्व्ह सपाट ठेवा (स्टिक कुठेही असली तरी मोटरचं थ्रॉटल एकच), सॉफ्ट स्टार्ट चालू, ब्रेक बंद. सिग्नल गेल्यावर मोटर थांबेल असा फेलसेफ लावा आणि ट्रान्समीटर बंद करून तो खरंच चालतो का ते बघा.

सगळ्यात जास्त वेळ शेपूट खाते. पट्टा बूममध्ये (शेपटीच्या नळीत) जाताना ९० अंशांचा पीळ घेतो. पीळ उलटा पडला तर शेपटीचा पंखा उलटा फिरतो. बरोबर असेल तर खालचं पातं मुख्य रोटरच्या दिशेनं पुढे येतं. पट्टा बोटानं दाबला तर दोन बाजूंमधलं साधारण अर्धं अंतर कमी व्हावं, तेवढाच ताण. स्लायडर (शेपटीच्या पात्यांचा कोन बदलणारा सरकता भाग) बॉल-लिंक काढून बघायचा: बूम उभा धरला की तो स्वतःच्या वजनानं घसरला पाहिजे. आमचा अडकत होता. लिंकचं भोक जरा घट्ट होतं, पक्कडीनं हलकेच दाबून ते मोकळं केलं.

शेपूट भरभर थरथरते तेव्हा सगळे गेन (जायरोच्या दुरुस्तीचा जोर) कमी करायला धावतात. आधी हात लावून बघा. पट्टा ढिला, सर्व्होच्या हॉर्नला प्ले (ढिलेपणा), स्लायडर सरकवणारा पिच-फोर्क झिजलेला, यातलं काही असेल तर गेन कमी करून थरथर थांबते खरी, पण वाऱ्यात शेपूट धरत नाही. मुख्य रोटर २,७०० वर असेल तर शेपटीचा पंखा ४.२४ पट, म्हणजे ११,४०० च्या वर फिरतो. तिथे एका पात्यावरचा चिकटपट्टीचा तुकडासुद्धा जायरोला गोंधळात टाकतो. कंपन कुठून येतंय ते हटवत-हटवत शोधा: मुख्य पाती काढून मोटर चालवा, मग शेपटीची पाती काढून, मग पूर्ण हेड काढून. कंपन जिथे गेलं, दोष तिथे.

पट्ट्याची एक खोड कोरड्या हवेतच दिसते. नागपूर-अकोल्याकडे एप्रिलमध्ये हवा सुकी असते, तेव्हा पट्टा बूममध्ये फिरून स्थिर वीज साठवतो आणि ती मध्येच इलेक्ट्रॉनिक्समध्ये उतरते. बारीक ‘टिक’ असा आवाज येतो आणि शेपूट झटका मारते. उपाय फुकटात होतो: पट्ट्याला सिलिकॉन स्प्रेचा हलका हात आणि बूमपासून मोटर माउंटपर्यंत एक पातळ वायर. वायरच्या टोकाखाली बूमचा रंग खरवडायला विसरू नका, रंगावरून वीज जात नाही. पावसाळ्यात हा त्रास आपोआप नाहीसा होतो, म्हणून जूनमध्ये किट घेणाऱ्याला तो कळतच नाही.

आठ महिन्यांत झिजलं काय? डॅम्परची (हेडमध्ये स्पिंडलभोवती बसणारी) रबरं मऊ पडली. वन-वे बेअरिंग (मोटर थांबली तरी रोटर फिरू देणारं) एकदा सटकायला लागलं, ते धुऊन पातळ तेल घातल्यावर सुधारलं. स्वॉशप्लेटला किंचित प्ले आलाय, अजून चालवून घेतोय. बॅटऱ्या चारातल्या तीन धडधाकट आहेत. फुगली ती उन्हात, गाडीच्या डिकीत राहिलेली. उड्डाण साडेपाच मिनिटांच्या टायमरवर थांबवायचं, चार्ज करताना परत १,७५० एमएएचपेक्षा जास्त जात असेल तर टायमर कमी करायचा. चार्जिंग २.२ अँपिअरवर. दोन दिवसांपेक्षा जास्त ठेवायच्या असतील तर सेलमागे ३.८ व्होल्टवर आणून ठेवा.

वजन दोन किलोच्या आत असल्यानं ड्रोन नियम २०२१ प्रमाणे हे ‘मायक्रो’ वर्गात येतं आणि बिगर-व्यावसायिक वापराला पायलट प्रमाणपत्र लागत नाही. तरी सरकारच्या डिजिटल स्काय या ड्रोन पोर्टलच्या नकाशावर आपलं मैदान हिरव्या (पूर्वपरवानगी न लागणाऱ्या) विभागात आहे ना, ते बघून जा.

पडल्यावर दिसतं ते पातं आणि बूम. न दिसणारे दोन आहेत, स्पिंडल आणि मुख्य शाफ्ट. दोन्ही काढून टीपॉयच्या काचेवर घरंगळवा आणि शाफ्टखालून येणारा उजेड बघा. उजेडाची फट उघडझाप करत असेल तर बाक आलाय. सरळ करत बसू नका, नवीन घाला. ऑर्डर देताना स्पिंडल चार, शाफ्ट दोन, मुख्य गिअर दोन आणि पात्यांचे दोन जोड एकदमच मागवा, नाहीतर पन्नास रुपयांच्या सळीसाठी हेलिकॉप्टर तीन आठवडे कपाटावर बसून राहतं.